पूर्णेच्या पाण्यापासून संगणकाच्या पेटीपर्यंत



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोते एखाद्या राजाची, लढाईची, निदान एखाद्या तहाची अपेक्षा करतात. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती विटेएवढी, पत्र्याची आणि दिसायला अगदी सामान्य आहे. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला ती बसवलेली असते. बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात, कोणी पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतली वीज घ्यायची आणि यंत्राला सोसेल अशी करून द्यायची, एवढेच तिचे काम.

आपल्या गावातली मुले आता परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरहून सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवतात, याचा मला फार आनंद वाटतो. परंतु प्रोसेसर कोणता, मेमरी किती, यावर आठ-आठ दिवस खल करणारा मुलगा एसएमपीएसच्या बाबतीत दुकानदाराला सांगतो, "स्वस्तातला कोणताही टाका." कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पट्टीतून काढलेले चाळीस हजार रुपये अशा रीतीने सातशे रुपयांच्या पेटीच्या हवाली होतात. ही निष्काळजी कोठून येते आणि तिची किंमत कोण मोजतो, हा माझा आजचा विषय आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व कामगारांच्या बैठकांत अधिक झाले. त्यामुळे पंडिताची भाषा माझ्याजवळ नाही. पण मागणी आणि पुरवठा, दावा आणि कुवत यांचा हिशेब आम्हा संघटनेच्या माणसांना रोजच करावा लागतो.

वीज आली ती कशी

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरील विजेची कथा घाटमाथ्यावर सुरू होते. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर चालू झाले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. पुढे मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. शेतकरी हरले, धरण झाले. म्हणजे आपल्याकडे विजेच्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात हा प्रश्न लिहून ठेवलेला आहे की, दिवा एकाच्या घरी लागतो तेव्हा अंधार कोणाच्या वाट्याला जातो?

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात तो मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. याच संक्रमणाच्या काळात आपल्या तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर धरणाचे काम चालले होते. १९६८ पर्यंत ते पुरे झाले. धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच बसवले. एकूण साडेबावीस मेगावॅट. हे धरण मुख्यतः सिंचनाचे. म्हणून शेतीसाठी पाणी सोडावे आणि जाता जाता त्याने चाक फिरवावे, अशी त्याची रीत. पाणी नसेल तर वीज नाही, हा धडा जिंतूरकरांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. नदीकाठची काळी जमीन ज्यांची पाण्याखाली गेली, त्यांनी तर या विजेची किंमत आधीच भरली होती.

पुढे परळीला औष्णिक केंद्र आले. त्याचा पहिला संच १९७१ मध्ये चालू झाला. कोळशावर चालणाऱ्या केंद्रालाही पाणी लागतेच. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. त्याआधी, २००५ नंतरच्या काही वर्षांत, ग्रामीण महाराष्ट्राने रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले. त्याच २००५ मध्ये राज्य वीज मंडळाची विभागणी झाली: निर्मिती एकीकडे, पारेषण दुसरीकडे आणि वितरण तिसरीकडे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची वीज एका तालावर, सेकंदाला पन्नास आवर्तनांवर, चालू लागली. कामगिरी मोठीच. तथापि जाळे कितीही विशाल असले तरी आपल्या घराशी त्याचा संबंध गल्लीतल्या डीपीपासून निघालेल्या दोन तारांपुरताच असतो. त्या दोन तारांतून जे येते त्यालाच आपण वीज म्हणतो.

दोन प्रवाहांचे भांडण

एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला आपले वीजघर उघडले तेव्हा त्याची वीज एकदिश होती, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. ती फार दूर नेता येत नसे. मैलभरातच तिचा जीव जाई. पुढे टेस्ला आणि वेस्टिंगहाउस यांच्या पक्षाने उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचा पुरस्कार केला. या प्रवाहाचा दाब रोहित्राने वाढवता येतो, दूर नेऊन पुन्हा उतरवता येतो. हा पक्ष जिंकला आणि म्हणूनच येलदरीची किंवा परळीची वीज तुमच्या-आमच्या घरी पोहोचू शकते.

परंतु भांडण मिटले ते तारांपुरते. संगणकाच्या आतील सगळे नाजूक अवयव एकदिश प्रवाहावरच चालतात, आणि तोही अगदी कमी दाबाच्या: बारा व्होल्ट, पाच व्होल्ट, तीन पूर्णांक तीन दशांश व्होल्ट. बाहेर दोनशे तीस व्होल्टचा धसमुसळा प्रवाह आणि आत बारा व्होल्टचा शिस्तीचा कारभार. या दोन राज्यांच्या सीमेवरची चौकी म्हणजे एसएमपीएस.

सुरुवातीच्या संगणकांत ही चौकी अवाढव्य असे. १९४६ च्या अमेरिकन एनिॲकमध्ये सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खाई. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये टिफरॅक चालू केला, त्यातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्रे लहान झाली. पण वीज देणारी पेटी कित्येक वर्षे जडच राहिली. सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या प्रवाहाला लोखंडी गाभ्याचे मोठे रोहित्र लागते, आणि नको असलेला दाब उष्णतेत जाळून टाकण्याखेरीज त्या जुन्या पद्धतीला दुसरा उपाय माहीत नव्हता.

नवी युक्ती अशी. आलेल्या प्रवाहाचा आधी एकदिश प्रवाह करायचा; मग एका इलेक्ट्रॉनिक खटक्याने सेकंदाला हजारो वेळा तो तोडायचा आणि जोडायचा. आवर्तने इतकी वाढली की रोहित्र मुठीएवढे पुरते आणि वीजही कमी जळते. खटका किती वेळ जोडलेला ठेवायचा हे सतत मोजून बाहेरचा दाब स्थिर राखता येतो. अंतराळयानांत आणि मोठ्या संगणकांत ही पद्धत आधीपासून होती. १९७७ च्या ॲपल-२ या घरगुती संगणकात रॉड होल्ट यांनी ती आणली. याचे श्रेय पुष्कळदा एकाच कंपनीला दिले जाते. वास्तविक जलद आणि दणकट ट्रान्झिस्टर स्वस्त झाले म्हणून हे सर्वांनाच शक्य झाले. यंत्राच्या इतिहासात एका नावामागे हजार हात असतात, हे कामगाराला निराळे सांगायला नको.

१९८१ च्या आयबीएम पीसीला साडेत्रेसष्ट वॅटची पेटी पुरली. १९८४ च्या त्याच कंपनीच्या एटी संगणकाला १९२ वॅटची लागली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचा आराखडा मांडला: पेटीचे माप, स्क्रूची जागा, तारांचे रंग, कोणत्या तारेवर किती दाब, सारे ठरले. आज जिंतूरचा मुलगा एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डला निर्धास्त जोडतो तो या आराखड्याच्या बळावर. मानक म्हणजे काय, तर अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द.

आमची माणसे आणि हे यंत्र

येथे आमच्या चळवळीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. १९६० च्या दशकात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणकाला कडवा विरोध केला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये व्यवस्थापनांशी करार करून यंत्रीकरणाला मर्यादा आणि अटी घातल्या. पुष्कळजण आज त्यांना हसतात. मी हसणार नाही. हे यंत्र येणार हे त्यांना कळत होते. ते कोणाच्या अटींवर येणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

१९८४ च्या संगणक धोरणाने आणि १९९१ नंतरच्या खुल्या आयातीने सुटे भाग स्वस्त झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवणीचा धंदा वाढला. २००१ मध्ये एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग दिसू लागले. ज्या यंत्राची कारकुनाला धास्ती होती ते कारकुनाच्या मुलाने स्वतः जुळवले. ही मला लोकशाहीची एक खूण वाटते. पण जुळवणाऱ्यावर जबाबदारीही येते. कारखान्यातून तयार आलेल्या यंत्राची हमी कारखाना देतो. घरी जुळवलेल्या यंत्राची हमी कोण देणार? प्रत्येक भागाचा विक्रेता दुसऱ्या भागाकडे बोट दाखवतो. म्हणून अटी घालण्याचे काम आता आपल्यालाच करावे लागते, आणि पहिली अट वीज देणाऱ्या पेटीपाशी घालावी.

चिठ्ठीवरचा आकडा

पेटीवर मोठ्या अक्षरांत '५०० वॅट' छापलेले असते. त्यावर विसंबू नये. शेजारीच बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, तो वाचावा. आजचा संगणक आपला बहुतेक सगळा भार बारा व्होल्टच्या तारांवर टाकतो. तेव्हा तक्त्यात बारा व्होल्टसमोर किती ॲम्पिअर लिहिले आहेत ते पाहून त्याला बाराने गुणावे. बारा ॲम्पिअर असतील तर गुणाकार १४४ वॅट. म्हणजे पाचशेच्या पाटीखाली दीडशेचा माणूस उभा आहे! हजेरीपटावर पन्नास नावे आणि कामावर पंधरा गडी, हा प्रकार आम्ही कंत्राटदारांच्या वह्यांत पाहिला आहे. पेटीच्या चिठ्ठीवर तोच प्रकार आकड्यांत असतो.

मग गरज किती? लिहिण्या-वाचण्याच्या, हिशेबाच्या संगणकाचा प्रोसेसर साधारण ६५ वॅटचा धरावा. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे मिळून आणखी चाळीस-पन्नास. एकूण सव्वाशेच्या आत काम भागते. त्याला खऱ्या चारशे-साडेचारशे वॅटची पेटी दिली तर ती निम्म्याहून कमी भारावर शांतपणे चालते आणि पुढे भर घालायलाही वाव राहतो. चित्रफितींच्या कामासाठी किंवा खेळासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवायचे असेल तर त्या कार्डाचा आकडा बेरजेत धरावा. दोनशे वॅटच्या कार्डाला साडेपाचशे ते साडेसहाशेची चांगली पेटी लागते. विनाकारण हजार वॅटची घेण्यात शहाणपण नाही. पेटी मोठी घेतली म्हणून संगणक अधिक वीज ओढत नाही हे खरे, पण खिशातले पैसे मात्र जातात.

दुसरा आकडा कार्यक्षमतेचा. २००४ मध्ये अमेरिकेत 'एटी प्लस' नावाची तपासणी सुरू झाली. पेटीवर तिच्या क्षमतेच्या वीस, पन्नास आणि शंभर टक्के भार टाकून पाहायचा आणि तिन्ही वेळा घेतलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के वीज तिने पुढे द्यायची, ही मूळ अट. नंतर तिच्या वर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. याचा अर्थ व्यवहारात पाहा. संगणकाला आत दीडशे वॅट लागत आहेत. सत्तर टक्क्यांची पेटी भिंतीतून २१४ वॅट ओढील, पंच्याऐंशी टक्क्यांची १७६. फरक अडतीस वॅटचा. रोज सहा तासांनी वर्षाला सुमारे ८३ युनिटे झाली. ही ८३ युनिटे पेटीच्या पोटात उष्णता होऊन राहतात आणि तिचेच आयुष्य खातात.

उष्णतेचा प्रश्न मराठवाड्यात किरकोळ नाही. पेटीतल्या धारित्रांना, म्हणजे ज्यांना दुरुस्तीवाले कंडेन्सर म्हणतात त्यांना, एक ढोबळ नियम लागू पडतो: तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावणाची धारित्रे जगभरच्या यंत्रांत भरली गेली आणि फुगून, फुटून त्यांनी लाखो यंत्रे निकामी केली. आमच्याकडे वैशाखात खोलीचे तापमानच चाळिशीला टेकते. पत्र्याच्या पेटीत ते किती होत असेल? म्हणून तिची क्षमता पंचवीस अंशांवर मोजली आहे की चाळीस-पन्नासवर, हे विचारावे. सावलीत मोजलेली मजुराची ताकद उन्हात लागू पडत नाही.

आपल्या भिंतीतली वीज

नियमाप्रमाणे घरात २३० व्होल्ट यावेत आणि त्यात सहा टक्क्यांहून अधिक चढउतार नसावा. म्हणजे २१६ ते २४४. हे कागदावर. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की दिवे मंदावतात, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून पेटीवर '१००-२४०' असा विस्तृत पल्ला छापलेला असेल तर ती घ्यावी. '२००-२४०' असेल तर खालच्या दाबाला ती अडखळेल. जुन्या पेट्यांच्या मागे एक लाल खटका असतो, ११५ आणि २३० असे लिहिलेला. तो अमेरिकेसारख्या देशांसाठी ठेवलेला आहे. आपल्याकडे तो ११५ वर सरकवून वीज दिली की मोठा आवाज होतो आणि कथा संपते. जुनी पेटी विकत घेणाऱ्याने आधी तो खटका पाहावा.

त्याहून मोठे संकट न्यूट्रल तुटण्याचे. डीपीवरून येणारी न्यूट्रलची तार तुटली की दोन फेजमधला चारशे व्होल्टांपर्यंतचा दाब घराघरांत शिरतो आणि एका क्षणात आळीतली यंत्रे जळतात. चांगली पेटी अशा वेळी बहुधा स्वतः मरते आणि पुढचे यंत्र वाचवते. वाईट पेटी मरताना सोबत मदरबोर्डही नेते. जास्त दाब, जास्त भार आणि शॉर्ट यांपासून संरक्षण पेटीत आहे का, हे माहितीपत्रकात पाहायचे ते याचसाठी.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ही तक्रार मी कितीतरी घरांत ऐकली आहे. पेटीतल्या गाळणीची लहान धारित्रे पत्र्याला जोडलेली असतात. तिसऱ्या पिनेला खरी जमीन मिळाली नाही तर पत्र्यावर निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी अल्प असतो, पण ती सूचना आहे. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात संगणक लावणे म्हणजे लाइनमनला हातमोज्यांशिवाय खांबावर चढवणे होय. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की त्यात पाणीही ओतावे लागते. हे जुन्या वायरमनांना ठाऊक आहे, नव्या बंगल्यांना नाही.

वीज जाते तेव्हा काय होते? चांगली पेटी पूर्ण भारावरही सुमारे सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरते. विजेचे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचे. म्हणजे एका आवर्तनाइतकाही तिचा श्वास पुरत नाही. यूपीएस दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो, म्हणून संगणक चालू राहतो. घरातला साधा इन्व्हर्टर त्याहून सावकाश बदल करतो, म्हणून पंखा चालू राहतो आणि संगणक बंद पडतो. इन्व्हर्टरवर यूपीएसचा खटका असेल तर तो त्या बाजूला ठेवावा, आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा. नव्या पेट्यांना चौकोनी लाट पुष्कळदा मानवत नाही.

आणखी एक ताकीद. पेटी स्वतः उघडू नये. २३० व्होल्टचे आत एकदिश होताना सुमारे ३२५ व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ धारित्रांत साठून राहतात. खांबावरचे अपघात आमच्या संघटनेने पुष्कळ पाहिले. घरातल्या टेबलावर त्यांची भर नको.

शेवटचे टोक

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट वारंवार दिसते. वीज येलदरीहून निघो की परळीहून, वाटेतला प्रत्येक जण आपली चूक पुढे ढकलतो. निर्मितीची तूट वितरणाच्या माथी येते, वितरणाचा दोष डीपीवर उतरतो, डीपीचा घरात शिरतो आणि घरातला एका पत्र्याच्या पेटीवर जाऊन आदळतो. शेवटच्या टोकाला जो असतो त्याने सगळ्यांचे सोसायचे, हा नियम विजेला आहे आणि कामगारालाही आहे. तो मोडायचा असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतात. टोकाला जो उभा आहे तो बळकट हवा, आणि मागच्यांना जाब विचारला गेला पाहिजे.

पहिली गोष्ट दुकानात करता येते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश आपल्या देशात २०१२ मध्ये निघाला. पेटीवर भारतीय मानकाची खूण आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे, पक्के बिल घ्यावे, हमीची वर्षे त्यावर लिहून घ्यावीत. दुसरी गोष्ट एकट्याने होत नाही. दाब सतत कमी येत असेल तर आळीतल्या दहा घरांनी मिळून तो आठ दिवस मोजावा, तारीख-वेळ घालून लिहावा आणि लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी तक्रार फायलीत बसते आणि कधी ना कधी बोलते. व्होल्ट मोजायचा मीटर पाचशे रुपयांच्या आत येतो. आळीत असा एक मीटर असावा आणि तो वाचता येणारी दहा मुले-मुली असावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.